कोसिकची जर्सी

कपडे बदलायच्या शेडमध्ये जर्सी अकरा होत्या आणि माणसं बारा.

ओहायोतल्या या कोळशाच्या गावासाठी एमिल कोसिक तीन वर्षं अमेरिकन फुटबॉल खेळत होता, चेंडू हातात घेऊन धडका मारत पळायचा, एका फेरीला सहा गुणांचा. आठवडाभर खाणीत, रविवारी मैदानात. आज मॅनेजर हॅस्केलने त्याची जर्सी कॉलेजातल्या एका देखण्या पोराच्या अंगात चढवली होती.

"पैसे घेऊन खेळतो हे कळलं तर कॉलेज हाकलेल त्याला. म्हणून आज एमिल कोसिक तो," हॅस्केल म्हणाला. "तू बाकावर बस. पेपरात नाव तुझंच येईल की!"

"मग संध्याकाळी घरीही त्यालाच पाठव, माझ्या बायकोकडे."

सगळे हसले. एमिल हसला नाही.

बाकावर तो दात आवळून बसला. पोरगा सुसाट पळत होता आणि लोक "कोसिक! कोसिक!" ओरडत होते. ते नाव कमावताना एमिलचं नाक दोनदा मोडलं होतं.

गाव सहा-शून्यने पुढे असताना, शेवटच्या सत्रात, पोराचा घोटा मोडला. त्याला उचलून बाहेर आणलं. हॅस्केलने घामेजलेली जर्सी एमिलच्या अंगावर फेकली. "जा, पळ!"

बाहेर गेलेल्या खेळाडूला त्याच सत्रात परत येता येत नसे. पंचाने हात आडवा धरला. "नाव?"

"काहीही ठोक," हॅस्केल कुजबुजला. "स्मिथ सांग!"

एमिलने सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं सांगितलं, "एमिल कोसिक."

"कोसिक आत्ताच बाहेर गेला," पंच म्हणाला.

उरलेली आठ मिनिटं गाव दहा जणांनिशी खेळलं. गाव सहा, पाहुणे तेरा.