गोदामाचं दुसरं कुलूप

उमामॅडमनी संगणकासमोरची खुर्ची पुढे सरकवली, तरी गोदामपाल गिरिधरराव बसले नाहीत.

"आजपासून गोदामाच्या नोंदींचा हा प्रोग्राम तुमच्या ताब्यात," मॅडम म्हणाल्या. "हवा तो रकाना वाढवा, नको तो काढा. दरवेळी मला औरंगाबादहून बोलवायला नको."

"बियाण्याच्या चाचणीची तारीख बी काढता येती?"

"येते की. फक्त बदल केला की खाली तुमचं नाव आपोआप उमटेल."

न मागता मिळालेला अधिकार गिरिधररावांना संशयाचाच वाटे. जालन्याच्या या बियाणे कंपनीच्या गोदामाला दोन कुलपं होती. एकाची किल्ली त्यांच्या करदोट्याला, दुसऱ्याची वॉचमन रखमाजीकडे. एकट्याला दार उघडता येत नसे, म्हणून एकट्याकडे कुणी बोटही दाखवत नसे. भोकरदनच्या गोदामात दोन्ही किल्ल्या तातेरावाकडे होत्या. जुनं बियाणं नव्या पिशव्यांत कुणी भरलं ते देव जाणे, पण घरी बसला तो तातेरावच.

त्यांनी रखमाजीला हाक मारली. "पासवर्ड दोघांचा. अर्धा माझा, अर्धा तुझा."

"मला कुठं इंग्रजी येतं, साहेब?"

"आकडे येतात ना? मंग बास. मी टाकून राह्यलो तवर भिंतीकडं तोंड कर."

रखमाजी इमानदारीने भिंतीकडे वळला. मग गिरिधररावांनी पाठ फिरवली आणि रखमाजीने एका बोटाने आपले आकडे दाबले. प्रोग्राम उघडला. गिरिधररावांना हायसं वाटलं.

काचेच्या केबिनच्या दारात शेठजी हसत उभे होते. "काय गिरिधरराव, आमच्यावर भरवसा न्हाई का?"

"हाये ना, शेठजी. तो टिकावा म्हणून तर दोन कुलपं."

मॅडम पर्स आवरत म्हणाल्या, "आणि विसरलात तरी घाबरू नका. शेठजींना केबिनमधून तुमच्या नावाने प्रोग्राममध्ये जाता येतं. पासवर्डही लागत नाही. त्यांनीच तशी सोय करून घेतलीय."

शेठजींचं हसू मावळलं. दार लोटून ते आत गेले.

मॅडमही गेल्या. रखमाजीला मात्र या नव्या कामाची गोडी लागली होती.

"अजून एकदा करून बघू, साहेब. ध्यानात ऱ्हाईल," असं म्हणून त्याने न सांगताच भिंतीकडे तोंड केलं.

गिरिधररावांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

"भिंतीकडं नको बघू, रखमाजी," ते हळूच म्हणाले. "त्या केबिनकडं बघ."