हिरव्या पाण्यातल्या बायका

मध्ययुगातल्या त्या पोथीची लिपी कुणालाच लागत नव्हती, म्हणून सकाळपासून उभ्या असलेल्या वैदेहीने हातमोजा घालून चित्रावर बोटं टेकवली. रेघ ओढताना चित्रकाराच्या शरीरात जे चाललं होतं, ते मोज्यातून तिच्या अंगात उतरायचं.

“हिरव्या पाण्यात बसलेल्या या बायका कोण? अप्सरा की नक्षत्रं?” पोथीचा अभ्यास करणारे केळुसकर सर उतावीळ झाले होते.

वैदेहीला मूल नव्हतं, तरी तिची छाती दुधाने तटतटली. कंबर भरून आली.

“सर, चित्रकार बाळंतीण होती. तिचं अंग आंबलं होतं. तिला नुसतं कढत पाण्यात पडून राहायचं होतं.”

“एवढंच? तुमचाच थकवा असेल. मोजा काढून बघा.”

तिने मोजा काढला. छातीतलं दूध ओसरलं. अंग मात्र आंबलेलंच राहिलं.