पापण्या नसलेली गाय

खोटं वाटेल, पण ऐका. जनावरांच्या डॉक्टरकीला एक पोरगी होती, हाताने भलती चपळ. सरावाच्या तासाला डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवला की समोर कॉम्प्युटरची गाय उभी राहायची, आणि सगळ्यांच्या आधी हिचं ऑपरेशन उरकलेलं असायचं.

उरकणारच. बाईसाहेब बधिर करायचं इंजेक्शनच द्यायच्या नाहीत. खोट्या गाईला कसलं आलंय दुखणं!

पण हल्ली हिने सुरी उचलली, की ती गाय डोळे घट्ट मिटून घ्यायची.

"सर, ही डोळे का मिटते?"

सर हसले. "काहीतरीच तुझं! या गाईला पापण्याच केलेल्या नाहीत. ते सोड, पहिली आलीस तू. उद्या खऱ्या गोठ्यात सगळ्यांना तूच करून दाखव."

टाळ्या पडल्या. पोरीची मान काही वर होईना.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यात आधी इंजेक्शन भरून घेतलं. गोठ्याच्या दारातच थांबून शरमेने पुटपुटली, "चुकलं गं माझं."

तिचा आवाज ऐकला मात्र, रवंथ थांबलं. दावणीच्या अकराही गाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले.