तेवढा एक पार्ट

निवृत्त झाल्यावर मास्तरांनी वडिलांची जुनी मोटरसायकल दुरुस्तीला काढली. रोज सकाळी नऊला डबा घेऊन गॅरेजात हजर, संध्याकाळी काळ्या हातांनी घरी. चौथ्या वर्षी गाडी पहिल्याच किकला सुरू झाली आणि मास्तर स्टुलावर मटकन बसले.

"घरून फोन आला, तर एक पार्ट मिळत नाही म्हणून सांग बाबा," ते मेकॅनिकला म्हणाले. "दिवसभर समोरासमोर बसून भांडायचं वय राहिलं नाही आता आमचं."

दुसऱ्याच दिवशी मास्तरीणबाईंचा फोन आला. "भाऊ, झाली का हो ह्यांची गाडी?"

"नाही काकू. एक पार्ट मिळत नाहीये."

पलीकडून सुटकेचा लांब सुस्कारा ऐकू आला.



"मिळाला, तरी ह्यांना सांगू नका."