गोष्टीची कॅसेट

मुलगी सहाव्या वर्षी गेली, त्याला पस्तीस वर्षे झाली. तिची गोष्टीची पुस्तके, बाहुल्या आणि घरीच भरलेली एक कॅसेट तिच्या शिक्षक वडिलांनी जपली होती. तीत ते गोष्ट वाचत आणि पान संपताच ती म्हणे, “बाबा, पुढे!”

“अहो, धूळ खाण्यापेक्षा कुणाच्या लेकरांना देऊन टाकू,” पत्नी म्हणाली.

“एकदा ऐकतो, मग दे.”

फीत झिजली होती. परंतु पुसला गेला होता तो केवळ त्यांचा आवाज. म्हणून त्या रिकाम्या जागी ते पुस्तकातून मोठ्याने वाचू लागले.

“बाबा, पुढे!”

दुसऱ्या पानावर त्यांना खोकल्याची उबळ आली. फीत फिरत राहिली.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “तुझा आवाज म्हातारा झाला. माझा का नाही झाला?”