जिराफांची नजर

डॉक्टर संयोगिता इंगवले पेठ वडगावच्या दवाखान्यात गुरांवर उपचार करायची. बिथरलेल्या म्हशीलाही ती कधी भ्यायची नाही.

तिच्या भावाने टांझानियाहून तिथल्या तिंगातिंगा शैलीतलं एक चित्र आणलं. झगझगीत पिवळ्या रंगावर लांबच लांब मानांचे जिराफ, ठिपक्याठिपक्यांचा बिबट्या आणि सगळ्यांचे डोळे बशीएवढे. मंगळवार पेठेतल्या घरी तिने ते सोफ्याच्या वर टांगलं.

"ही समदी सैपाकघराकडं का बघाय लागल्यात गं?" तिच्या सासूबाईंनी, अक्कांनी विचारलं.

"काढलंयच तसं, अक्का."

रविवारी दुपारी तिने चित्र समोरच्या भिंतीवर हलवलं. आता स्वयंपाकघर चित्राच्या दुसऱ्या बाजूला आलं. जनावरं तरीही तिकडेच बघत होती.

अक्कांनी तोंडाला पदर लावला. "दिऊन टाक कुणाला तरी."

संयोगिता हसली. "जनावर उगंच बघत न्हाय, अक्का. काय हाय ते मीच बघते की."

तिने चित्र स्वयंपाकघरात नेलं आणि ओट्यावर भिंतीला टेकवलं. जनावरं आता तिच्या खांद्यावरून मागे बघत होती. तिने वळून पाहिलं. मागे फक्त फ्रीज होता, आणि लख्ख ऊन.

ती पुन्हा चित्राकडे वळली. जिराफांच्या माना खाली वाकल्या होत्या. सगळे डोळे तिच्या डाव्या मनगटाशी आले होते. मनगटावर तिला तर काहीच दिसत नव्हतं.

गोठ्यात उभी राहायची तशी ती शांत उभी राहिली. मग तिने हात सावकाश उचलला आणि छातीशी धरला.

डोळे हाताबरोबर वर आले.