मुशीनं नेलेली काठी

"कुणाला पटायचं नाही," बदरुद्दीननं बजावलं, "पण काठी मुशीनंच नेली. काल फिंतासच्या किनाऱ्यावर, माझ्या हातातून, हिसका मारून!"

"अब्बा, गुडघाभर पाण्यात मुशी? शार्क मासा?" सून हुस्नानं विचारलं.

"तेच तर! वाट चुकली होती बिचारी."

नात जवेरिया खिदळली. आज तिचा वाढदिवस, आणि हट्ट कोरियन जेवणाचा. म्हणून सगळी वरात आखातातल्या त्यांच्या घरामागच्या कोरियन गल्लीत निघाली होती. बदरुद्दीन आपल्या लेकाचा, नबीलचा, दंड धरून चालला होता. पाय मात्र उचलत नव्हता.

"मला भूक नाही गो. तुम्ही जेवा, मी दर्यावर फेरी मारून येतो."

"आज फेरी नाही," हुस्ना म्हणाली. "सकाळी प्रेशर पुन्हा वर. घरात सगळं अळणी, तरी चढतं कसं? बाहेर खारट खाल्लेलं कळलं ना अब्बा, तर संध्याकाळचं एकट्यानं फिरणं बंद!"

बदरुद्दीनचं आयुष्य म्हणजे दिवसभर सोफा, टीव्ही आणि सुनेची आमटी. त्यात ती फेरी तेवढी त्याची स्वतःची.

"खारट? तोबा! मिठाची चवच विसरलो मी."

जवेरियानं कंदिलांचं एक हॉटेल दाखवलं.

"हे नको. पुढचं बघू," बदरुद्दीन घाईनं म्हणाला.

पुढच्यात शुक्रवारची गर्दी. झक मारत कंदिलांच्याच हॉटेलात परतावं लागलं.

जवेरियाच्या स्टीलच्या काड्यांतून मुळ्याची फोड सारखी निसटत होती. बदरुद्दीननं ती अलगद उचलून तिच्या ताटलीत ठेवली.

"वॉव, दादा! कुठे शिकलात?"

"लहानपणी रत्नागिरीत जाळी विणली गो. त्यापुढं ह्या काड्या काय!"

मग त्यानं किमचीची, म्हणजे त्या तिखट खारवलेल्या कोबीची बशी, सगळ्यांना दिसेल अशी लांब सरकवली. हुस्ना विरघळलीच.

"अब्बा, उगाच संशय घेतला मी. उद्यापासून खुशाल फिरा."

"फिरणारच! मुशीला घाबरलो नाही, तर..."

एवढ्यात स्वयंपाकघराचा पडदा हलला. म्हातारी कोरियन मालकीण लगबगीनं आली, बदरुद्दीनसमोर कमरेत लवली आणि दोन्ही हातांवर आडवी धरलेली शिसवी काठी तिनं पुढं केली.

"बाबा एव्हरी डे कम," ती प्रेमानं हसली. "यस्टरडे, स्टिक फर्गेट."

हुस्नाची नजर काठीवरून लांब सरकवलेल्या बशीकडे गेली.

"म्हणजे दादा," जवेरिया हॉटेलभर ऐकू जाईल अशी ओरडली, "ती मुशी रोज इथंच किमची खायला येते?"